नसलेले अनुस्वार

उत्तरपत्रिका तपासताना अनुस्वाराला आपण फारसे महत्त्व देत नाही. विद्यार्थ्याने 'कवींनी' ऐवजी 'कवीनी' लिहिले, तर त्याखाली लाल रेघ ओढायची आणि पुढचे वाक्य वाचायचे, एवढाच शिरस्ता. २०२३ च्या उन्हाळी परीक्षेत मी तपासलेला एक गठ्ठा शेजारच्या महाविद्यालयातून आलेल्या मॉडरेटर बाईंच्या हाती गेला. त्यांनी मला बोलावून घेतले आणि एक पान पुढे केले. "मॅडम, तुम्ही एवढ्या काटेकोर. या पानावर पाच ठिकाणी अनुस्वार नाही, आणि तुमची एकही खूण नाही." मी पान पाहिले. अनुस्वार होते. मी मान किंचित डावीकडे केली. अनुस्वार सरकले, अक्षरांवरून घरंगळत समासात गेले आणि हळूच परत आले.

माझ्या उजव्या डोळ्यात फ्लोटर्स आहेत हे मला तोवर वर्षभर ठाऊक होते. ते माझ्या वतीने विद्यार्थ्यांचे शुद्धलेखन सुधारू लागले आहेत, हे त्या दिवशी समजले. १९६२ साली नव्या लेखननियमांनी आपण 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. माझ्या डोळ्याने ते सव्याज परत आणले होते. असा विनोद मी त्या वेळी केला आणि आम्ही दोघीही हसलो. परंतु घरी येताना मला हसू येत नव्हते. वाचणे हा ज्याचा व्यवसाय आहे, त्याला पानावर काय आहे याची खात्री वाटेनाशी झाली, तर त्याने करावे काय?

ही गोष्ट सुरू झाली ती जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात. आम्ही कर्जतला राहतो. पाऊस तोंडावर आला होता, वीज गेलेली होती आणि मी अंधारात खिडकीशी बसले होते. उजव्या कडेला वीज चमकली. माथेरानच्या डोंगरामागे पाऊस सुरू झाला असावा असे वाटले. पण गडगडाट आला नाही. पुन्हा चमकली. मग ध्यानात आले की मी डोळे वळवले की ती चमकते, आणि डोळे मिटले तरी चमकते. सकाळी ढगाळलेल्या पांढऱ्या आभाळावर एक तुटके कडे, त्याला लोंबणारे दोनतीन धागे आणि पुष्कळसे बारीक ठिपके तरंगत होते. मी महाविद्यालयात रजा कळवली आणि चौकमार्गे जाणारी पनवेलची एस.टी. पकडली. माझ्या या तत्परतेचे सहकाऱ्यांना पुढे कौतुक वाटले. त्या तत्परतेमागचे कारण मी तेव्हा कोणाला सांगितले नव्हते.

ते कारण म्हणजे माझी आई. आमचे मूळ गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठापासून थोडे आत. २००८ च्या जुलैत लावणी चालू असताना आई बांधावर उभी राहून तोंडापुढून हात हलवत होती. "डोळ्यापुढं माश्या नाचतात गं," ती म्हणाली. भावाने थट्टा केली. मी त्याच सुमारास कुठल्याशा वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलेले ज्ञान तिला दिले : वय झाले की असे ठिपके दिसतात, त्यात घाबरण्यासारखे काही नसते, लक्ष देऊ नकोस. वाक्य चुकीचे नव्हते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच असते. आईने लक्ष दिले नाही. मग ती 'चमकतंय' म्हणाली. आम्ही पावसाळ्यावर ढकलले. गणपतीच्या सुमारास ती अंगणात उभी राहून म्हणाली, "एका अंगाचं गावच दिसत नाही." तेव्हा मात्र आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. डोळ्याचा पडदा सुटला होता, आणि ज्या मध्यभागाने आपण वाचतो, माणसांचे चेहरे ओळखतो, तोही सुटून पुष्कळ दिवस झाले होते. शस्त्रक्रिया झाली. त्या डोळ्याने आईला आज उजेड कळतो आणि समोर धरलेली बोटे मोजता येतात.

मला मात्र पनवेलच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून, कोपरान् कोपरा तपासून सांगितले की पडद्याला कुठेही छिद्र नाही. काय झाले होते ते त्यांनी समजावून दिले. आपल्या डोळ्याच्या गोलात भिंगामागे साधारण चार मिलिलिटर पारदर्शक, दाट द्रव असतो. मराठीत त्याला काचाभ द्रव म्हणतात. शेकडा अठ्ठ्याण्णवहून अधिक पाणी, आणि त्या पाण्याला आकार देणारे कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतू व हायलुरॉनिक आम्ल. हे आम्ल १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील याच द्रवातून वेगळे काढले. 'हायलॉस' म्हणजे ग्रीकमध्ये काच. म्हणजे काचेची ती कल्पना दोन्ही भाषांत आहे. वय वाढते तशी ही घडी मोडत जाते. लावलेल्या दह्याला पाणी सुटावे तसे याला पाणी सुटते आणि तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. त्या गुठळ्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. भर उजेडात बाहुली बारीक होते आणि सावली अधिक रेखीव पडते. म्हणून पांढरे आभाळ, पांढरी भिंत आणि पांढरा कागद यांवर ती जास्त दिसते. एक दिवस हा सगळा द्रव आकसून मागच्या पडद्यापासून सुटतो. सुटताना पडदा ओढला जातो. त्याला दुखणे ठाऊक नाही, उजेड तेवढा ठाऊक आहे, म्हणून तो 'वीज चमकली' असे सांगतो. बहुतेकदा एवढ्यावर निभावते. काहींच्या बाबतीत त्या ओढीने पडदा फाटतो, छिद्रातून पाणी मागे शिरते आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो. छिद्र वेळीच सापडले तर लेसरने त्याच्या कडा डागून ते बंदिस्त करता येते. माझे चष्म्याचे अंक उणे सात. अशा लांबट डोळ्यांत हे सारे लवकर घडते.

"नवे ठिपके एकदम वाढले, चमका वाढल्या किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी या," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर दुर्लक्ष करायला शिका. डोळ्याला काही झालेले नाही."

मी दुर्लक्ष करायला शिकू लागले. पहिले काही महिने ते जमले असेही वाटले. बारीक ठिपके खाली बसले. परंतु कडे आणि त्यामागचा एक धुरकट पापुद्रा राहिला. वाचताना डोळा ओळीवरून सरळ चालत नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक उडीबरोबर तो पापुद्रा मागून येई, पुढे झोके खाई आणि नेमका मी थांबले त्या शब्दावर येऊन बसे. अंतिम वर्षाच्या उत्तरपत्रिका आता संगणकाच्या पडद्यावर तपासाव्या लागतात. त्या पांढऱ्या प्रकाशात तासाभराने मला मळमळू लागे. पावसाळ्यात उल्हास नदीच्या बाजूने धुके चढले की सगळा आसमंतच कोरा कागद होई. मी घरातही टोपी घालू लागले. कविता शिकवताना पुस्तकात न पाहता पाठ म्हणू लागले, आणि विद्यार्थ्यांना ती माझी रसिकता वाटली.

त्या काळात एक विचार वारंवार येई, तो आपल्या क्षेत्राशी संबंधित असल्याने इथे थोडा विस्ताराने लिहिते. माश्यांची उपमा आईची एकटीची नाही. लॅटिनमधील या विकाराच्या जुन्या नावाचा अर्थ 'उडत्या माश्या' असाच आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात तिमिर या नेत्रविकाराचे वर्णन करताना रोग्याला माश्या, डास, केस आणि जाळी दिसतात असे म्हटले आहे. सुश्रुताचे तिमिर आणि आजचे फ्लोटर्स एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण दुःख सांगणाऱ्याला सुचलेले शब्द तेच आहेत. पुढे या तिमिररोग्याला वैद्यांकडून दार्शनिकांनी उचलले. वसुबंधूच्या 'विंशतिके'च्या आरंभीच तो उभा आहे : बाहेर वस्तू नसतानाही तिचे ज्ञान होऊ शकते, जसे तैमिरिकाला नसलेले केस दिसतात. चंद्रकीर्तीने तर त्याचे छोटे नाट्यच केले आहे. तैमिरिकाच्या हातातील भांड्यात केस पडलेले त्याला दिसतात. ते काढून टाकण्यासाठी तो भांडे पुन्हा पुन्हा उपडे करतो. निरोगी डोळ्यांचा माणूस जवळ येऊन पाहतो, त्याला एकही केस दिसत नाही.

एम.ए.ला असताना भ्रमाचे उदाहरण म्हणून मी हे वाचले होते आणि साहजिकच त्या निरोगी माणसाच्या बाजूला उभी राहिले होते. आता मी भांडे उपडे करणाऱ्याच्या बाजूला होते, आणि या कथेत त्याला कोणी काही विचारत नाही, हे मला प्रथमच दिसले. शिवाय माझे केस नसलेले नव्हते. भांड्यात ते नव्हते, पण माझ्या डोळ्यात होते, खरेखुरे, कोलॅजनचे. त्यांची सावली पडत होती. ती पाहू शकणारा जगात एकच माणूस होता, एवढाच काय तो फरक. मला भ्रम होत नव्हता. पण माझ्याजवळ शब्दांपलीकडे पुरावाही नव्हता.

तपासणीचा तक्ता माझ्या विरुद्ध साक्ष देई. चष्मा लावून मी सहा-षष्ठांश, शेवटची ओळ बिनचूक वाचत असे. पांढऱ्यावरची ती काळीभोर, सुटी अक्षरे पापुद्र्याला झोका देऊन बाजूला सारून वाचता येतात. पण फिकट शाईत, करड्या कागदावर, दाटीवाटीने लिहिलेला निबंध तसा वाचता येत नाही. अमेरिकेतील जेरी सेबॅग यांच्या गटाने अशा रोग्यांची फिक्या-गडद छटा ओळखण्याची क्षमता मोजली, तेव्हा ती कमी झालेली आढळली. सिंगापूरमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६६ फ्लोटर्सग्रस्तांना विचारले गेले की हा त्रास जाणार असेल तर उरलेल्या आयुष्यातील किती काळ द्याल. सरासरी उत्तर आले : दर दहा वर्षांतील एक वर्षाहून थोडे अधिक. हे वाचून मला, खरे सांगायचे तर, रडू आले. एवढ्या माणसांनी ते सांगितले होते आणि कोणीतरी ते लिहून घेतले होते.

मुंबईतील ज्या शल्यचिकित्सकांकडे मी गेले, त्यांनी पहिल्याच भेटीत वेगळा प्रश्न विचारला. मी कडे, धागे, पापुद्रा असे वर्णन सुरू करताच ते म्हणाले, "काय दिसते ते नंतर सांगा. आधी सांगा, कोणते काम करता येत नाही?" मी गप्प झाले. वर्षभर मी उपमा गोळा करत होते, आणि त्यांना क्रियापदे हवी होती. ते म्हणाले, आणखी सहा महिने थांबा. मेंदू पुष्कळदा सरावतो. तोवर एक वही ठेवा. मी वही ठेवली. किती पाने वाचली, कोणत्या ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या, कोणत्या दिवशी गाडी चालवण्याचे टाळले. मॉडरेटर बाईंनी दाखवलेले पाच अनुस्वारही मी त्यात लिहिले.

ज्या शस्त्रक्रियेचा विचार चालला होता तिला व्हिट्रेक्टमी म्हणतात : तो काचाभ द्रवच कापून, शोषून काढायचा आणि त्या जागी क्षारयुक्त पाणी सोडायचे. पुढे डोळा स्वतःच्या पाण्याने ती जागा भरून घेतो. मूळ द्रव पुन्हा तयार होत नाही. एके काळी या द्रवाला हात लावणे म्हणजे डोळा घालवणे, असे मानले जाई. मायामीत डेव्हिड कास्नर यांनी १९६० च्या दशकात डोळा पुढून उघडून तो काढून दाखवला. त्याच संस्थेतील जर्मन डॉक्टर रॉबर्ट माखेमर यांनी बंद डोळ्यात काम करणारे हत्यार बनवले, अंड्याच्या पांढऱ्या बलकावर त्याची चाचणी घेतली आणि १९७० साली बुबुळाच्या कडेमागील सुरक्षित पट्ट्यातून पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांचे हत्यार दीड मिलिमीटर जाडीचे होते. २००२ च्या सुमारास अर्धा मिलिमीटर जाडीची, टाका न लागणारी हत्यारे आली. हत्यार बारीक झाले तशी, केवळ फ्लोटर्ससाठी हे करावे का, ही चर्चा शक्य झाली. त्याआधी ती कोणी मनावर घेतली नसती.

धोके त्यांनी एकेक करून सांगितले. भिंग गढुळणार, पन्नाशीच्या आसपास ते जवळजवळ ठरलेले, म्हणजे काही वर्षांत मोतीबिंदूची दुसरी शस्त्रक्रिया. पडदा फाटण्याची किंवा सुटण्याची शक्यता थोडी, पण खरी. जंतुसंसर्ग क्वचित, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. लेसरने गुठळ्या फोडण्याचा पर्याय होता. २०१७ साली ५२ जणांवरील एका चाचणीत निम्म्याहून थोड्या अधिकांना त्याने बरे वाटले होते. पण ते सुटे कडे असेल तर. माझ्या पसरट पापुद्र्याला त्याचा उपयोग नव्हता. शेवटी त्यांनी विचारले, "राहता कुठे? घाटाखाली की घाटावर?" मला प्रश्न कळला नाही. शस्त्रक्रियेत छिद्र सापडले आणि आत वायूचा बुडबुडा भरावा लागला, तर तो विरेपर्यंत बोरघाट चढायचा नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. भाऊ पुण्यात असतो. दिवाळीला घाट चढण्याउतरण्यात आमचे आयुष्य गेले. डोळ्यालाही समुद्रसपाटी असते, हे त्या दिवशी समजले.

निर्णय माझ्यावर सोडला होता, आणि तेच अवघड होते. सुटलेल्या पडद्याची शस्त्रक्रिया करायची की नाही, असा प्रश्न उरत नाही. इथे दिसणारा डोळा पणाला लावायचा होता, तोही आईचा डोळा त्याच घरात समोर असताना. मी तिला सांगायला गावी गेले. ती तांदूळ निवडत होती, चांगला डोळा ताटाजवळ नेऊन. सगळे ऐकून ती म्हणाली, "दिसतंय ना तुला, बाय? मग दिसत्या डोळ्याला सुरी कशाला लावतेस?" याहून नेमका आक्षेप मला कोणत्याही डॉक्टरने घेतला नव्हता. मला उत्तर देता आले नाही. बराच वेळ ती खडे वेचत राहिली. मग ताट बाजूला ठेवून तिने विचारले, "फार नाचतात का गं?"

दीड वर्षात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि २००८ साली, बांधावर, मीही तो तिला विचारला नव्हता. मी "हो" म्हणाले. "मग कर," ती म्हणाली, आणि ताट पुढे ओढले.

जानेवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. डोळ्याशेजारी सुई देऊन तो बधिर केला होता. मी जागी होते. वेदना नव्हती. काही वेळाने लालसर, ओलसर उजेडात मला एका बारीक दांडीची सावली दिसली. ती कशाच्या तरी दिशेने सरकली, आणि माझा तो पापुद्रा, ज्याचे वर्णन करता करता मी थकले होते, तो तिच्या टोकाशी ओढला जाऊन नाहीसा होताना मी पाहिला. "काही दिसते का?" डॉक्टरांनी विचारले. मी म्हणाले, "तुम्हाला दिसतो का तो?" "दिसतो ना," ते म्हणाले, "चांगला मोठा आहे." निरोगी डोळ्यांचा माणूस भांड्यात केस पाहत होता. छिद्र सापडले नाही, वायू भरावा लागला नाही. अर्ध्या तासात पट्टी बांधून मी बाहेर आले.

हे सगळे सुफळ संपूर्ण झाले असे वाचकांनी समजू नये. पांढरे पान पुन्हा पांढरे झाले, हे खरे. पुढच्या पावसाळ्यातले धुके मी बिनटोपीने पाहिले. पण गेल्या तपासणीत भिंग गढुळू लागल्याचे सांगितले गेले, अपेक्षेप्रमाणे. डाव्या डोळ्यातही धागे आहेत. ते माझ्या कामाच्या आड येत नाहीत, म्हणून त्यांना मी हात लावू देणार नाही. आणि कोणी मला "मीही करून घेऊ का?" असे विचारले, तर मी त्यांना वही ठेवायला सांगते. पुष्कळांची वही चारसहा महिन्यांत कोरी पडते, आणि तसे होणे उत्तमच.

ती मॉडरेटर बाईंनी दाखवलेली उत्तरपत्रिका पुढे मी पुन्हा मागून घेतली होती. पाचही ठिकाणी अनुस्वार नव्हता. 'कवीनी' आणि 'त्यानी'. मी गुण कमी केले नाहीत. चूक त्या मुलाची होती, पण मी ते पान बरोबर आहे असे एकदा म्हटले होते.

आईच्या दुसऱ्या डोळ्यातही आता माश्या आहेत. पडदा शाबूत आहे. दर सहा महिन्यांनी आम्ही तो तपासून आणतो. रविवारी फोन केला की मी आधी त्यांची चौकशी करते : किती आहेत, नव्या आल्या का, कोणत्या बाजूला, चमकते का. ती सावकाश, तपशीलवार सांगते. माझी वही अजून संपलेली नाही; उरलेल्या पानांवर मी ते तारीख घालून लिहून ठेवते.